चित्र वेगळं, डबा वेगळा

घरच्या कॉम्प्युटरवर गेम खेळायला व्हीआर हेडसेट घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला. रिझोल्यूशन किती? दुसरा, केवढ्याला पडला? तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, कारण तोवर पैसे देऊन झालेले असतात. माझ्या मते पहिला प्रश्न असा हवा, की तुमच्या दोन बाहुल्यांमध्ये अंतर किती? आणि दुसरा, हा डबा बनवणाऱ्याने उद्या वाऱ्यावर सोडला तर तुमच्या हातात काय उरणार? हे दोन्ही प्रश्न मला कुठल्या गेमरने शिकवलेले नाहीत. आमच्या छत्रपती संभाजीनगरपासून शंभरेक किलोमीटरवर, अजिंठ्याला, दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी मुक्काम ठोकून बसलेल्या एका साहेबाने शिकवले. रॉबर्ट गिल त्याचं नाव.

थांबा, पारोची गोष्ट सांगत नाहीये. ती सगळ्यांना पाठ आहे. महानोरांचं काव्य आहे, त्यावर नितीन देसाईंचा २०१२ सालचा सिनेमा आहे. गिल म्हटलं की आपल्याकडे लगेच पारो, आणि पारो म्हटलं की डोळे पुसायला रुमाल. पण या माणसाने आणखी एक काम करून ठेवलं, ज्याच्याबद्दल आमच्या गावातसुद्धा फारसं कोणी बोलत नाही. त्याने अजिंठा दोन डोळ्यांनी बघून ठेवला. अलंकारिक अर्थाने नव्हे, अगदी अक्षरशः.

त्यासाठी आधी थोडं मागे जावं लागेल.

एक बोट नाकासमोर धरा. एक डोळा मिटा, मग तो उघडून दुसरा मिटा. बोट इकडून तिकडे उडी मारतं. लांबची भिंत मात्र जवळजवळ जागची हलत नाही. दोन डोळ्यांना मिळणाऱ्या चित्रांतला हा जो फरक, त्यावरून मेंदू ताडतो की बोट जवळ आहे आणि भिंत लांब. हे लहान पोरालाही करून बघता येतं, पण याचा नीट अभ्यास करून त्यावर यंत्र बनवायला १८३८ साल उजाडावं लागलं. चार्ल्स व्हीटस्टन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने दोन आरसे काटकोनात बसवले, दोन बाजूंना दोन किंचित वेगळी रेखाचित्रं ठेवली आणि मध्ये नाक खुपसून बघितलं. कागदावरच्या रेघा उठून उभ्या राहिल्या! त्याने त्याला स्टिरिओस्कोप नाव दिलं. गंमत म्हणजे तेव्हा फोटोग्राफी अजून जगासमोर यायची होती, ती आली पुढच्या वर्षी. म्हणजे बघायचा डबा आधी तयार झाला, त्यात घालायचं चित्र नंतर सापडलं.

व्हीटस्टनचं यंत्र होतं टेबलावर ठेवायचं, अवजड. ते डोळ्यांना लावायच्या डब्यात बसवलं डेव्हिड ब्रूस्टरने, १८४९ साली. आरसे काढले, दोन भिंगं लावली. हा ब्रूस्टर म्हणजे तोच, ज्याने शोभादर्शक शोधून काढला. बांगड्यांच्या काचा आणि तीन आरशांच्या पट्ट्या घेऊन आपण सगळ्यांनी शाळेत केलेला, तो. माणूस हुशार आणि तितकाच भांडखोर. व्हीटस्टनशी त्याची वर्तमानपत्रातून जाहीर जुंपली होती. १८५१ साली लंडनला हाइड पार्कात मोठं प्रदर्शन भरलं, त्यासाठी काचेचा प्रचंड महाल उभारला होता, क्रिस्टल पॅलेस. तिथे ब्रूस्टरच्या धर्तीचा स्टिरिओस्कोप मांडला होता. व्हिक्टोरिया राणीला तो आवडला, आणि मग काय, विलायतेतल्या मध्यमवर्गीय दिवाणखान्यांत त्याची साथच आली. १८६१ साली अमेरिकेत ऑलिव्हर वेंडेल होम्स या डॉक्टर-लेखकाने हातात धरायचा साधा, स्वस्त दर्शक बनवला आणि मुद्दाम त्याचं पेटंट घेतलं नाही. कोणीही बनवा, कोणीही विका. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता अजिंठा. ही लेणी १८१९ साली इंग्रज शिकाऱ्यांना 'सापडली' असं म्हणायची पद्धत आहे (गावकऱ्यांना ती हरवलेली कधी नव्हतीच, पण असो). १८३९ साली जेम्स फर्ग्युसन तिथे जाऊन आला. पुढे त्याने लिहून-बोलून कंपनी सरकारच्या गळी उतरवलं, की ही चित्रं नष्ट व्हायच्या आत त्यांच्या नकला करून घेतल्या पाहिजेत. या कामावर १८४४ साली मद्रास फौजेतल्या गिलची नेमणूक झाली. तो अजिंठा गावच्या बारादरीत राहिला आणि वर्षानुवर्षं, अंधारात, वटवाघळांच्या सोबतीने मोठमोठ्या कॅनव्हासवर तैलरंगात भित्तिचित्रांच्या नकला करत राहिला. कॅनव्हास लंडनला जात राहिले. तिथे ते मांडले गेले कुठे? तर क्रिस्टल पॅलेसमध्ये. प्रदर्शन संपल्यावर तो महाल हाइड पार्कातून उचलून सिडनहॅमला नव्याने उभारला होता. ३० डिसेंबर १८६६ ला तिथे आग लागली. गिलच्या चित्रांपैकी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी सोडली तर बाकी सगळी जळाली.

म्हणजे ज्या काचेच्या महालाने स्टिरिओस्कोप घराघरांत पोचवला, त्याच महालाच्या दुसऱ्या जन्मात गिलचं आयुष्यभराचं काम खाक झालं. इतिहासाला असली जुळवाजुळव करायची हौस का असते कोण जाणे.

पण १८५० च्या दशकातच गिलने कॅमेराही हातात घेतला होता, आणि तो साधा नव्हता, जोडचित्रं घेणारा होता. दोन डोळ्यांसाठी दोन फोटो, शेजारी शेजारी. १८६४ साली लंडनहून त्याची दोन पुस्तकं निघाली, दोन्हींतला मजकूर फर्ग्युसनचा. एकात खडकात कोरलेल्या लेण्यांचे चौऱ्याहत्तर फोटो, आणि दुसऱ्यात पश्चिम हिंदुस्थानातल्या वास्तू आणि प्राणिसृष्टीची शंभर जोडचित्रं. आगीच्या दोन वर्षं आधी! तैलचित्र एकेकच होतं, ते गेलं ते गेलंच. जोडचित्रांच्या मात्र प्रती निघाल्या होत्या. त्यातली काही आज इंटरनेटवरही सापडतात.

माझ्याकडे २०१६ साली घेतलेला एक पुठ्ठ्याचा डबा आहे. गूगलने २०१४ मध्ये कार्डबोर्ड नावाने हा प्रकार काढला होता, पुठ्ठा, दोन प्लास्टिकची भिंगं आणि आत आपला मोबाइल. त्याचा आराखडा खुला होता, त्यामुळे दोन-तीनशे रुपयांत त्याच्या नकला आपल्याकडे कुठेही मिळायच्या. गूगलने २०२१ साली तो विकणं थांबवलं. माझा डबा माळ्यावर होता. गिलचं एक जोडचित्र मोबाइलवर घेतलं, दोन्ही फोटोंचे मध्य भिंगांसमोर येतील एवढं लहान केलं आणि डोळ्यांना लावलं. दोन सेकंद नुसतं धूसर. मग खांब खटकन पुढे आले आणि त्यांच्यामागे ओसरीतला अंधार आत, आत, लांब गेला.

एकशेसाठ वर्षांपूर्वीचं चित्र, दहा वर्षं जुना पुठ्ठा, आणि त्या दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. तरी चाललं. का चाललं? कारण चित्र आणि बघायचा डबा या दोन वेगळ्या वस्तू होत्या, वेगवेगळ्या लोकांनी बनवलेल्या. साधारण साडेतीन इंच बाय सात इंचांचं कार्ड, कुणाचंही, कुणाच्याही दर्शकात जायचं. व्ह्यूमास्टर आठवतो? सात देखाव्यांची गोल चकती घालून खटका दाबायचा, तो. १९३९ पासून चकतीचा आकार तोच राहिला, म्हणून आजोबांची चकती नातवाच्या दर्शकात फिरते.

हे सगळं आता का आठवलं, तर भाच्यामुळे. पठ्ठ्या इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, घरी बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड असलेला कॉम्प्युटर आहे, आणि सुट्टीत शिकवण्या घेऊन त्याने स्वतःचे पैसे साठवलेत. त्याला 'हाफ-लाइफ: ॲलिक्स' खेळायचा आहे आणि गाड्यांच्या शर्यती. "मामा, सेकंडहँड मिळतोय, एकदम भारी, डोळ्याला २१६० बाय २१६०. नवा घेतला तर याच्या दुपटीने पडेल." विकणारा घाईत होता. आज घेतलास तर आणखी दोन हजार कमी, वगैरे. मी नाव विचारलं. एचपीचा रिव्हर्ब जी-टू, २०२० चा. एकेकाळी विमान उडवायचे गेम खेळणारे याच्या चित्राच्या धारदारपणावर जीव टाकायचे, ते खोटं नाही.

पण त्याची कुंडली बघावी लागते. २०१७ साली मायक्रोसॉफ्टने विंडोज मिक्स्ड रिॲलिटी नावाने एक व्यवस्था आणली. हेडसेट बनवले एसर, डेल, लेनोवो, एचपी, सॅमसंग यांनी, पण ते चालायचे विंडोजच्या पोटात दडलेल्या त्या एका तुकड्यावर. डिसेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने हा तुकडा बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि २०२४ मध्ये विंडोज ११ ची जी २४एच२ आवृत्ती आली, तिच्यातून तो काढूनच टाकला. अपडेट झाला, की हेडसेट टेबलावरचा पेपरवेट. भिंगं शाबूत, पडदे शाबूत, वायर शाबूत. बिघाड काहीच नाही, फक्त परवानगी संपली. (२०२५ साली एका जाणकार अभियंत्याने या हेडसेटांसाठी पदरमोड करून वेगळा ड्रायव्हर लिहिला आणि फुकट दिला. होम्सची आठवण व्हावी असा माणूस. पण तो फक्त एनव्हीडियाच्या कार्डांवर चालतो, आणि एका माणसाच्या सवडीवर किती दिवस भरवसा ठेवायचा? भाच्याचं कार्ड एएमडीचं आहे, म्हणजे तोही रस्ता बंद.)

भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "पण मामा, हे बिचारं खराब तर झालेलं नाही." तेच तर म्हणतोय बाबा.

आणि हे एकाच कंपनीचं नाही, या धंद्याचा सगळा रस्ताच असल्या सांगाड्यांनी भरलेला आहे. १९६८ साली अमेरिकेत आयव्हन सदरलँडने डोक्याला लावायचा पहिला पडदा बनवला. मान वळवली की चित्रही वळणार, ही त्याची खरी भर. गिलच्या जोडचित्रात तुम्ही मान कितीही वळवा, खांब तिथेच. सदरलँडचं यंत्र इतकं जड होतं की ते छताला टांगावं लागायचं, म्हणजे आपल्याकडे जिथे पंखा असतो तिथे. मग १९८० च्या दशकात जॅरन लानियरची कंपनी आली आणि गेली. १९९५ मध्ये निन्टेंडोने व्हर्च्युअल बॉय काढला. नुसता लाल रंग, टेबलावर स्टँडवर उभा करून त्यात वाकून बघायचं, म्हणजे परत व्हीटस्टन! वर्षाच्या आत गुंडाळला. २०१२ साली ऑक्युलसने लोकांकडून वर्गणी गोळा करून नवी सुरुवात केली, २०१४ ला फेसबुकने ती कंपनी दोन अब्ज डॉलरच्या आसपास देऊन विकत घेतली. २०१६ ला रिफ्ट बाजारात आला, २०१९ ला रिफ्ट एस, आणि २०२१ पर्यंत ती सगळी वंशावळ थांबली. मधल्या काळात मोबाइल घालायचे डबेही आले, सॅमसंगचा गियर व्हीआर, गूगलचा डेड्रीम. दोन्ही गेले. २०२० चा क्वेस्ट २ घेतला तर फेसबुकचं खातं सक्तीचं होतं, त्यावर इतकी ओरड झाली की २०२२ ला ती अट काढून मेटाचं वेगळं खातं आणावं लागलं.

तर इतिहासावरून निवडीचा एक नियम मला स्पष्ट दिसतो. डबा नाशवंत आहे असं धरूनच चालायचं. चार-पाच वर्षं, फार तर सहा. म्हणून डब्यावर कमीत कमी खर्च करायचा, आणि चित्रं, म्हणजे गेम, अशा ठिकाणी घ्यायची की दुसऱ्या डब्यातही चालतील. व्यवहारात याचा अर्थ असा, की हेडसेटवाल्या कंपनीच्या स्वतःच्या दुकानातून गेम घ्यायचे नाहीत. स्टीमवरून घ्यायचे. तिथला ॲलिक्स क्वेस्टवर चालतो, व्हाइव्हवर चालतो, इंडेक्सवर चालतो, उद्या आणखी कशावर चालेल. ओपनएक्सआर नावाचं एक खुलं मानकही २०१९ पासून आहे, गेम आणि हेडसेट यांनी एकमेकांशी कुठल्या भाषेत बोलायचं याचं. साडेतीन बाय सात इंचांचं कार्ड म्हणजे तरी दुसरं काय होतं? आता स्टीम हीसुद्धा एक कंपनीच आहे आणि तिथेही आपण खरेदी करतो ती वापरायची परवानगीच, हे भाच्याने माझ्या तोंडावर मारलं. बरोबर आहे. कार्ड हातात असण्याची सर त्याला नाही. पण दोन वाईटांत कमी वाईट.

सिनेमात हा प्रश्नच नव्हता, बघा. १९९८ साली 'छोटा चेतन' आला होता, मूळ १९८४ च्या मल्याळम सिनेमाचा हिंदी अवतार. दारात चष्मा द्यायचे, बाहेर पडताना काढून घ्यायचे. आइस्क्रीमचा कोन अंगावर आला की सगळं थिएटर किंचाळायचं. तीन तासांनी विषय संपला, कोणाच्या नावावर काही उरलं नाही. घरात आणलेल्या वस्तूचं मात्र तसं नसतं, ती डोळ्यासमोर मरते.

आता तो पहिला प्रश्न, बाहुल्यांतल्या अंतराचा. मोठ्या माणसांत हे सरासरी ६३ मिलिमीटरच्या आसपास असतं, पण ५५ ही असतं आणि ७२ ही. जुन्या जोडचित्रवाल्यांना याची पक्की जाण होती. कॅमेऱ्याची दोन भिंगं साधारण डोळ्यांइतक्या अंतरावर ठेवली तर देखावा खरा वाटतो. मुद्दाम लांब ठेवली तर दूरचा डोंगरही उठून दिसतो, पण मग अख्खा डोंगर खेळण्यातला वाटायला लागतो. हेडसेटमध्येही तेच. भिंगाचा मध्य आणि तुमच्या बाहुलीचा मध्य जुळला नाही तर चित्र कडेला पुसट, डोकं जड, आणि समोरचं दार तुमच्यापेक्षा बुटकं की उंच याचा अंदाज चुकतो. रिफ्ट एसमध्ये भिंगं हलायचीच नाहीत. क्वेस्ट २ ला तीनच जागा होत्या, ५८, ६३ आणि ६८. २०२४ च्या क्वेस्ट ३एस लाही त्याच तीन. क्वेस्ट ३ ला मात्र चाक आहे, ते फिरवून हवं तिथे थांबता येतं. रिझोल्यूशनच्या आकड्यांमागे पळताना ही ओळ जाहिरातीत कुठेतरी तळाला असते.

मोजायला काही लागत नाही. चष्म्याच्या दुकानात नंबर काढताना पीडी म्हणून लिहितात तेच हे. निराला बाजारातल्या आमच्या नेहमीच्या चष्मेवाल्याकडे गेलो, त्याने दोन मिनिटांत भाच्याचं आणि माझं दोघांचं काढून दिलं. त्याचं ६२, माझं ६६. म्हणजे त्याला ६३ ची खाच चालून जाते, मला ना ६३ धड ना ६८ धड. मामाने कशाला घालायचाय म्हणा, पण घरात आणलेली वस्तू घालून बघितल्याशिवाय कोण राहतं?

चष्म्याचंही सांगतो, कारण इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. भाच्याला साडेतीनचा मायनस नंबर आहे. त्याला वाटत होतं, पडदा डोळ्यापासून दोन इंचांवर, मग चष्मा कशाला? पण भिंगांमुळे ते चित्र डोळ्याला दीड-दोन मीटरवर असल्यासारखं पोचतं. तेव्हा चष्मा लागतोच. तो घालून हेडसेट चढवला तर काचेवर काच घासते आणि ओरखडा पडतो हेडसेटच्या भिंगावर, जो जात नाही. त्याच्यावर नंबरची आतली भिंगं करून मिळतात, ती बसवायची. खर्चात हेही धरा. भिंगांतही दोन जाती आहेत. क्वेस्ट ३एसमध्ये आहेत ती फ्रेनेलची, वर्तुळाकार खाचांची. फ्रेनेल हा फ्रेंच, त्याने १८२० च्या दशकात दीपगृहांसाठी असली पातळ भिंगं बनवली. (त्यावरही ब्रूस्टरचं म्हणणं, मला आधी सुचलं होतं. हा माणूस कुणाशी भांडला नाही ते विचारा.) अंधारात पांढरी अक्षरं बघितली की या खाचांमुळे प्रकाशाचे फराटे दिसतात. क्वेस्ट ३ मध्ये दुसरी, चपटी भिंगं आहेत, ती कडेपर्यंत स्वच्छ दाखवतात, पण किमतीतला फरक बराचसा तिथेच आहे.

मळमळीबद्दल लोक फार विचारतात. कन्नडच्या औट्रम घाटात एसटीत बसून पुस्तक वाचून बघा. कान सांगतो गाडी वळतेय, डोळा सांगतो अक्षरं स्थिर आहेत, आणि पोट निकाल देतं. हेडसेटमध्ये उलटं होतं, डोळा पळतो आणि अंग खुर्चीत. म्हणून सुरुवातीला उभं राहून स्वतःच्या पायाने चालायचे गेम बरे, शर्यती नंतर. पंधरा मिनिटं, मग बाहेर. जिद्दीने सवय होत नाही, उलट वासानेसुद्धा मळमळायला लागतं.

आणि मग आपलं गाव. विलायती परीक्षणांत हे कोणी लिहीत नाही. सिडकोतल्या फ्लॅटचा हॉल, त्यात सोफा, टीपॉय, कूलर. चालायच्या गेमला दोन मीटर बाय दोन मीटर तरी मोकळी जागा लागते. वर पंखा. हात उंचावून काही कापायचा गेम असेल तर पंखा आधी कापतो. मे महिन्यात बेचाळीस अंश आणि तोंडाला अर्ध्या किलोचा फोमचा डबा. घामाने भिंगं धुरकट होतात, फोम चिंब होतो. रेक्झिनचं आवरण हवंच, पुसता येणारं. आणि खिडकीत ठेवायचा नाही, कधीही नाही. भिंगाने कागद जाळायचा उद्योग आपण सगळ्यांनी केलाय ना? इथे भिंग आहे आणि कागदाच्या जागी पडदा आहे. एप्रिलच्या उन्हाची एक तिरीप पुरते.

शिवाय दुरुस्ती. भाच्याने बघितलेले बहुतेक हेडसेट बाहेरून मागवून विकलेले, आणि भारतातली वॉरंटी नाही हे विकणाऱ्यानेच सांगितलेलं. पट्टा तुटला तर मिळेल, कंट्रोलर गेला तर अख्खी जोडी शोधत बसा.

दीडेक महिना हे सगळं घोळून शेवटी क्वेस्ट ३एस ठरला, तोही सगळ्यात कमी मेमरीचा. गेम कॉम्प्युटरवर चालणार, मग डब्यात साठवायचं काय? वाचलेल्या पैशांतून नंबरची भिंगं, पाच मीटरची केबल आणि डोक्यामागून वजन तोलणारा पट्टा. खातं मेटाचंच लागलं, त्याला इलाज नाही. गेम सगळे स्टीमवर. नोव्हेंबर २०२५ मध्ये व्हाल्वने त्यांचा नवा हेडसेट जाहीर केला, तेव्हा भाचा दोन दिवस हिरमुसला होता. मी म्हटलं, अरे, तुझे गेम त्याच्यातही चालतील, घाई काय आहे?

गिल १८७९ साली वारला, त्याची कबर भुसावळला आहे. त्याच्यानंतर जे. जे. स्कूलच्या ग्रिफिथ्सने १८७२ ते १८८५ विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या पुन्हा नकला केल्या, आणि त्यातल्याही बऱ्याचशा १८८५ च्या आगीत लंडनलाच जळाल्या. २०१३ साली आपल्या सरकारने अजिंठ्याच्या पायथ्याशी चार लेण्यांच्या हुबेहूब प्रतिकृती उभारल्या, १, २, १६ आणि १७. पुढे वीज-पाण्याची बिलं थकली आणि ते केंद्रही बंद पडलं. हेडसेट यायच्या आधी भाच्याला पुठ्ठ्याच्या डब्यातून गिलचं ते चित्र दाखवलं. बराच वेळ काही बोलला नाही. मग डबा न काढताच विचारलं, "मामा, याला अपडेट कुठून येतं?"